दसऱ्याच्या आत पार्किंग चकाचक!

सिडको, उल्कानगरी, गारखेड्यातल्या तमाम बंगलेवाल्यांना,


आपण घराचं काम काढलंत आणि सगळ्यात आधी पार्किंगला इपॉक्सी मारून घ्यायचं ठरवलंत, हे ऐकून आम्हा कोटिंगवाल्यांचा ऊर भरून आला. प्लायवुड कापायला इतकी गुळगुळीत जागा सुताराला एरवी कोण देतं? फरशीवाल्याचं कटर, पुट्टीच्या गोण्या, प्लंबरने मोठ्या मायेने आपटलेले पाइप, सगळं आता त्या आरशावर विसावेल. काम संपेपर्यंत अशी नक्षी उमटेल, की आम्हाला पुन्हा बोलावण्यावाचून गत्यंतर नाही. एकाच जमिनीचे दोनदा पैसे देणारं गिऱ्हाईक हल्ली मिळतं कुठे?

काही मालक मात्र हट्टी. ते घासकाम आधी उरकतात, कारण ग्राइंडिंगची धूळ ताज्या रंगावर बसते. मग भिंती रंगवतात आणि शेवटचा कारागीर हत्यारं उचलून गेला, की कोटिंगला बोलावतात. अशांमुळेच आमचा धंदा बसतो.

खरी मौज दसऱ्याची. २०१० साली एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेणाऱ्या या शहराला गाडीचा मुहूर्त कुणी शिकवू नये. तर बेत असा: गणपतीत जुनी फरशी उखडून नवा कोबा टाकायचा, दसऱ्याला त्यावर नवी गाडी. चतुर्थी ते दशमी साधारण ३६ दिवस. नव्या काँक्रीटला कोटिंगआधी २८ दिवस द्यावेत, हा रूढ नियम. कोटिंगनंतर गाडी चढवायला आणखी ७. झाले ३५. उरलेल्या एका दिवसात घासायचं, प्रायमर लावायचा, वर दोन हात मारायचे आणि प्रत्येक हात सुकायची वाट पाहायची. पितृपक्ष पाणी मारण्यातच निघून जातो, एवढी सोय आहे. म्हणजे नळाला पाणी आलं तर. ग्राइंडर सुरू होईल तो ऐन नवरात्रात, घरात घट बसलेले असताना.

शिवाय भादव्यातली ओल २८ दिवस मोजून निघून जात नाही. प्लॅस्टिकचा दीड फुटी चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करा, किमान १६ तास ठेवा. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडलं, तर थांबा. ओलीवर मारलेलं इपॉक्सी फुगे धरतं, पापुद्र्यांनी सुटतं. पुण्याहून तापून आलेले टायर ते सोबत उचलतात.

मे महिना आहेच. तेव्हा रेझिन बादलीतच घट्ट होऊ लागतं, रोलर अर्ध्या पार्किंगपर्यंत पोचायच्या आत. आणि पश्चिमेच्या उघड्या पोर्चमध्ये साधं इपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं. वरून पॉलियुरेथेनचा हात हवा. तो कोटेशनमध्ये का नसतो, ते विचारू नये.

राहता राहिला दिवाळीनंतरचा कोरडा, बेताच्या उन्हाचा काळ. तेव्हा आमची माणसं मोकळी असतात, कारण आपण सगळे दसऱ्याआधीच उरकून बसलेले असता. म्हणून एक आगाऊ सल्ला: गाडी दसऱ्यालाच घ्या, पूजा करा, नारळ फोडा आणि दोन महिने रस्त्यावर लावा. शेजाऱ्यांना ती तिथून जास्त नीट दिसेल.

ॲडव्हान्सच्या प्रतीक्षेत,
आपला इपॉक्सीवाला