माळ्यावरचा घरजावई

ह्यूस्टनमध्ये घर घेणाऱ्या मराठी माणसाला एजंट सगळं दाखवतो. ग्रॅनाइटचा ओटा, दोन गाड्यांचं गराज, कुंपणापलीकडचं तळं. माळ्याची शिडी खाली ओढून वरची फर्नेस तेवढी कुणी दाखवत नाही. तिची ओळख पुढे परस्पर बिलावरच होते.

मुळात या गावाला घर तापवणारी भट्टी कशाला, असं भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा पहिल्याच आठवड्यात विचारतात. प्रश्न रास्त आहे. इथला जुलै-ऑगस्ट मुंबईच्या मे महिन्यालाही घाम फोडेल. गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते. पण जानेवारीच्या रात्री पारा दिल्लीसारखा सात-आठ अंशांवर उतरतो, आणि मधूनच उत्तरेकडून ‘नॉर्दर’ नावाचं वारं सुटलं की दुपारी हाफपँटीत हिंडणारं गाव संध्याकाळी कानटोपीत दिसतं. म्हणून फर्नेस. थंड प्रदेशांत तिला तळघर मिळतं. ह्यूस्टनची चिकणमाती आणि जमिनीत वरवर असलेलं पाणी यांमुळे इथे तळघराचं नाव काढायची सोय नाही. तेव्हा तिची रवानगी माळ्यावर. तिथे उन्हाळ्यात पन्नास अंशांच्या वर तापतं. म्हणजे घर गरम करणारं यंत्र आपण घरातल्या सगळ्यात गरम जागी ठेवलं. काम मोजके आठवडे, मुक्काम बारा महिने आणि रुसवेफुगवे कायमचे. घरजावई दुसरा कसा असतो?

तरी त्याला अगदीच आयतोबा म्हणणं अन्यायाचं होईल. कारण एसीची थंड हवा घरभर ढकलणारा पंखा बहुतेक घरांत फर्नेसच्याच पोटात असतो. गॅसचा बर्नर मार्चपासून झोपलेला, पण पंखा भर उन्हाळ्यात दिवसरात्र राबतोय. त्यामुळे जुलैतल्या एखाद्या शनिवारी, घरात सत्यनारायणाला चाळीस माणसं जमलेली असताना, एसी गार पडण्याऐवजी नुसताच गप्प पडतो आणि माळ्यावरून घामाघूम उतरलेला टेक्निशियन म्हणतो, “तुमच्या फर्नेसची मोटर गेली.”

“अहो, फर्नेस लावलीच कुणी?” स्वयंपाकघरातून प्रश्न येतो. याचं उत्तर यजमानाजवळ नसतं. साधी मोटर असेल तर साधारण चारशे ते सातशे डॉलर. वेग आपोआप कमीजास्त करणारी ‘हुशार’ मोटर असेल तर हजाराच्या पुढे. हुशारीचे पैसे सगळीकडेच जास्त पडतात.

दुरुस्तीचा खरा हंगाम पहिल्या नॉर्दरच्या रात्री. त्या एका संध्याकाळी लाखो घरांतली बटणं ‘कूल’वरून ‘हीट’वर सरकतात. आधी सगळीकडे धूळ जळाल्याचा वास येतो; फोनाफोनी होते; तो वास तासाभरात जातो. ज्यांची फर्नेस चालत नाही त्यांनी माळ्यावर चढून तिच्या दारातल्या काचेच्या भोकाला डोळा लावावा. इग्नायटर लाल होतो, गॅस फुसकन पेटतो, निळी ज्योत दिसते, आणि चार-पाच सेकंदांत सगळं विझतं. पुन्हा तेच. असं तीन-चारदा झालं की यंत्र हात झटकून मोकळं. आतल्या बोर्डावर एक बारीक दिवा ठरावीक लयीत लुकलुकत राहतो. त्याचा अर्थ दाराच्या आतल्या बाजूच्या कागदावर छापलेला असतो, पण तो कागद वाचण्याआधीच आपण फोन लावलेला असतो.

बहुतेक वेळा यात बिघाड म्हणावा असं काही नसतं. ज्योतीत एक धातूची कांडी असते, फ्लेम सेन्सर. ज्योत पेटली की तिच्यातून अगदी सूक्ष्म वीजप्रवाह जातो, त्यावरून बोर्डाला कळतं की गॅस खरंच जळतोय. कांडीवर पुटं चढली की प्रवाह पोचत नाही, आणि बोर्ड सुरक्षिततेसाठी गॅस बंद करतो. उपाय: एक स्क्रू काढायचा, कांडी बारीक स्टीलवुलने घासायची, परत बसवायची. पाच मिनिटं. बिल शंभर ते दोनशे डॉलर, रात्री बोलावलं तर आणखी. पैसे घासण्याचे नसतात, रात्रीचे असतात.

ते पाच मिनिटांचं काम करून कंपनीचं पोट भरत नाही, म्हणून माणूस आणखी थोडा वेळ वर रेंगाळतो. खाली उतरतो तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये एक फोटो असतो. तांबूस, अंधुक, मधोमध एक रेघ. “हीट एक्स्चेंजरला भेग आहे,” तो हलक्या आवाजात सांगतो आणि पाळण्यातल्या बाळाकडे एक नजर टाकतो. मग तो जातो आणि दुसऱ्या दिवशी ‘कम्फर्ट अ‍ॅडव्हायजर’ येतात. पूर्वी यांना विक्रेता म्हणत. ते आकडा सांगतात तो दहा-पंधरा हजार डॉलरच्या घरातला, फर्नेस आणि एसी जोडीने. कारण लग्न एकाच खर्चात उरकावं.

भेग खरी असेल तर थट्टेची बात नाही. एक्स्चेंजर म्हणजे जळलेल्या गॅसचा धूर घरातल्या हवेपासून वेगळा ठेवणारा पत्रा; त्याच्या भेगेतून कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. पण ती भेग पडते कशी, हे या गावात नीट विचारायला हवं. बर्नर इथे फारसा जळतच नाही. एक्स्चेंजरला गंज चढतो तो एसीच्या पाण्यामुळे. दमट हवेतून थंड कॉइलवर दिवसाला बादल्या भरतील इतकं पाणी निघतं, नळीत शेवाळ धरून ती तुंबली की पाणी फर्नेसच्या अंगावर. म्हणून बांधणारे दुसऱ्या नळीचं तोंड मुद्दाम खिडकीच्या वर काढून ठेवतात: तिथून पाणी टपकू लागलं तर माळ्यावर काहीतरी तुंबलंय असं समजावं. आम्ही खाली कुंडी ठेवतो आणि तुळस टवटवीत झाली म्हणून खूश होतो.

अ‍ॅडव्हायजरच्या खिशात एक नियमही असतो. यंत्राचं वय गुणिले दुरुस्तीचा खर्च; उत्तर 5000 च्या वर गेलं की नवीन घ्या. 52 वर्षांच्या गृहस्थाची दाढ दुखली आणि 100 डॉलर खर्च आला, तर 5200. गृहस्थ बदलून टाका! ज्या फर्नेसचा बर्नर वर्षातून काही आठवडेच पेटतो, तिचं वय नुसतं कॅलेंडरवरून काय मोजायचं?

पुढचं आमिष 96 टक्के कार्यक्षमतेचं. आपली जुनी 80 टक्क्यांची. समजा, घर तापवायला वर्षाला 300 डॉलरचा गॅस लागतो. नव्या यंत्राने त्यातले 50 वाचतील. त्यासाठी दीड हजार जादा मोजले असतील तर वसुली तिसाव्या वर्षी, आणि फर्नेसचं आयुष्य साधारण पंधरा-वीस वर्षं. थंडगार मिनेसोटात हा सौदा चोख आहे. ह्यूस्टनमध्ये एसी बदलायचाच असेल तर त्याऐवजी हीट पंपाचा भाव आधी विचारावा. एकच यंत्र उलटं फिरून ऊबही देतं.

आता कुणी म्हणेल, फेब्रुवारी 2021 विसरलात का? कसं विसरू? ह्यूस्टनच्या विमानतळावर पारा उणे साडेदहापर्यंत गेला आणि टेक्सास राज्यातल्या 45 लाखांहून अधिक घरांची वीज गेली. ज्या रात्रीसाठी घरजावयाला एवढी वर्षं पोसलं, त्याच रात्री तो उठला नाही. गॅस असला तरी पंखा विजेवर! खुद्द राज्याचीही तीच गत होती. वीजकेंद्रांना गॅस हवा, गॅसच्या काही पंपांना वीज हवी, आणि ती कापलेली. राज्याचे सिनेटर टेड क्रूझ तेवढ्यात सहकुटुंब मेक्सिकोतल्या कानकुनला जाऊन आले. तिथे फर्नेस लागत नाही. मागे उरलेल्यांनी ऊब मिळावी म्हणून गराजमध्ये गाड्या सुरू ठेवल्या, कोळशाच्या शेगड्या घरात आणल्या. ह्यूस्टनच्या एकट्या हॅरिस काउंटीत शेकडो लोकांना कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली. राज्याचा अधिकृत मृत्यूंचा आकडा 246, त्यातले बहुतेक थंडीने गेले.

तेव्हा मंडळी, यंदा ऑक्टोबरात, नॉर्दर यायच्या आधी, दिवसाउजेडी माणूस बोलवा. फिल्टर आणि पाण्याची नळी स्वतः बघा. टेक्सासमध्ये ठेकेदाराचा परवाना क्रमांक त्याच्या गाडीवर आणि बिलावर असावाच लागतो, तो वाचा. भेगेचा फोटो दाखवला तर तो आपल्याच फर्नेसचा आहे ना, हे वर चढून बघा आणि दुसऱ्या कंपनीचं मत घ्या. तोवर हीट बंद ठेवा. आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या खोल्यांबाहेर लावा. तो तीस-चाळीस डॉलरला मिळतो आणि त्याला सल्लागार लागत नाही.