नव्या मालकासाठी मोजणीचे धडे

नारळ फुटला, पेढे वाटून झाले, जीएसटीचा नंबर आला. अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत प्लॉट मिळाला असेल, नाहीतर बडनेरा रोडला टिनाचं शेड भाड्यानं घेतलं असेल. काही का असेना, तुम्ही आता मालक झालात, आणि आता माणसं लागतील. नवशिक्याला वाटतं, माणसं राबवायची म्हणजे आवाज चढा हवा, दरारा हवा. यातलं काही लागत नाही. फक्त मोजता आलं पाहिजे. ही विद्या शिकायला बंगलोरला जायची गरज नाही, आपल्या कापसाच्या मुलखात ती दीडशे वर्षांपासून आहे.

धडा पहिला, माणसं मोजणे. याला वेळ द्या, बाकीचं आपोआप जमतं.

हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा 1881 सालचा. त्यामागे थोडी दया होती, पण दयेपेक्षा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची पोटदुखी जास्त होती. मुंबईच्या गिरण्या स्वस्तात सूत काढू लागल्या म्हणून त्यांना अचानक इथल्या लेकरांचा कळवळा आला. कायद्यानं सात वर्षांखालच्या पोरांना मनाई केली, त्यापुढच्या बारा वर्षांपर्यंतच्यांना नऊ तास ठरवून दिले. पण नीट वाचणाऱ्याची नजर व्याख्येवर जाते. कारखाना कोणता? जिथे 100 माणसं आहेत आणि काम वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त चालतं. आता आपला हंगाम आठवा. दिवाळीनंतर बाजारात बंड्यांची रांग लागते, शिमगा झाला की ओसरते. खानदेशातले कापसातून सरकी काढायचे रेचे या कुंपणातून अलगद बाहेर पडले. वऱ्हाड तर कागदोपत्री निजामाचाच मुलूख.

मग 1885 मध्ये मुंबई सरकारच्या कमिशनपुढे खानदेशातल्या रेच्यांचा एक व्यवस्थापक साक्षीला उभा राहिला. त्यानं सरळ सांगितलं: पहाटे चार-पाचला काम सुरू होतं, रात्री आठ-नऊपर्यंत चालतं. ऐन हंगामात रात्रंदिवस, आणि तीच ती माणसं सलग आठ-आठ दिवस. असे राबणारे बरेचदा मरतात, हेही तो बोलून गेला. त्याचा आवाज कापला नसावा. लपवायला आधी काही बेकायदा असावं लागतं.

त्या काळी नारायण मेघाजी लोखंडे नावाच्या गृहस्थानं मालकांचा फार तोटा केला. सप्टेंबर 1884 मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा भरवली, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज दिला, आणि जून 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवूनच थांबला. पुढच्या वर्षी कायदा बदलला, 100 चा आकडा 50 वर आला. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कायद्यात, वीज असेल तर, तो 10 झाला. हा उतार पाहून जुने मालक खचले होते. तुम्ही खचू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यात 10 चे 20 झाले, विजेशिवाय 20 चे 40. आकडा आता चढतो आहे.

तेव्हा विसावा माणूस आला की सावध व्हा. विसाव्यावर पीएफसुद्धा लागतो. एकोणीस आपल्या मस्टरवर ठेवा, बाकीचे ठेकेदाराचे दाखवा. ठेकेदार कोण? तुमचाच मेव्हणा चालेल. धारणी-चिखलदऱ्याकडून गाडी भरून माणसं आली तर ती मुकादमाची, तुम्ही त्यांना ओळखतही नाही. मुकादमानं त्यांना पावसाळ्यातच उचल दिलेली असते. ती फिटेपर्यंत माणूस कुठे जात नाही, फाटकाला कुलूपही लागत नाही.

याहून सोपी युक्ती हवी असेल तर राजकमल चौकात संध्याकाळी पाठीवर चौकोनी पेटी घेऊन सिग्नलला थांबलेल्या पोरांकडे पहा. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं, पडले तर गुडघा त्यांचा. मालक म्हणतो, हे माझे कामगार नाहीत, पार्टनर आहेत. मस्टरवर शून्य! 1881 च्या मालकाला 99 वर थांबावं लागत होतं. बिचारा.

धडा दुसरा, वेळ मोजणे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या गिरण्यांत घड्याळ फक्त मालकाचं असे. सकाळी काटा पुढे, संध्याकाळी मागे. एखाद्या मजुराच्या खिशात स्वतःचं घड्याळ सापडलं तर त्याची नोकरी गेलीच म्हणून समजा. आता मनगटावर घड्याळ चालतं, मोबाइल मात्र गेटवर जमा करून घ्या. काम सुटायची वेळ भिंतीवर दिसेल, पण तिचा फोटो निघणार नाही. बाकी फार कसरत करायची गरज उरलेली नाही. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं रोजच्या नऊ तासांचे बारा करायला मंजुरी दिली. जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागते. तो फॉर्म रुजू होतानाच, आधार कार्डाच्या झेरॉक्सबरोबर, सही करून घ्यावा.

पगाराबद्दल थोडक्यात. किमान वेतन बँकेतच टाका, पूर्ण टाका, स्लिप जपून ठेवा. एटीएम कार्ड ठेकेदाराकडे असू द्या.

कायदा वाचायचा कंटाळा करू नका. मालकाला लागणारी दारं त्यातच असतात. 1948 च्या कायद्यात 27 वं कलम होतं: प्रेसिंग कारखान्यात कापूस मोकळा करणारं यंत्र चालू असेल त्या भागात बाईला किंवा लेकराला कामाला लावू नये. मग पुढची ओळ: मध्ये छपरापर्यंत, किंवा इन्स्पेक्टर लेखी ठरवून देईल तेवढ्या उंचीची, भिंत असेल, तर यंत्रात कापूस टाकायच्या बाजूला त्यांना लावलेलं चालेल. भिंत बांधायला किती विटा लागतात?

हे सगळं मला कुठून माहीत, असं विचाराल. तरुणपणी मी एका जिनिंगमध्ये मस्टर लिहायला होतो. नाव सांगत नाही, ती जागा आता मंगल कार्यालय आहे. रेच्यांच्या दोन रांगा, मधल्या बोळीत बाया. वरून कापूस पडायचा, त्या तो हातानं सारखा करत पुढे ढकलायच्या. सरकी खाली टपटप गळत राहायची, रुई पलीकडे. तोंडाला ओला दुपट्टा, तोही तासाभरात वाळून पांढरा व्हायचा. हवेत इतके तंतू उडायचे की दिव्याभोवती धुकं दिसे. पाळी सुटली की पंचविशीतली बाई भुवया, पापण्या, केस सगळं पांढरं घेऊन बाहेर यायची. नळावर तोंड धुतलं की पुन्हा तरुण. आम्ही ऑफिसातले त्यावर हसत असू. खोकला मात्र धुतल्यानं जात नव्हता.

बाया चौतीस होत्या. मस्टरवर एकोणीस नावं. मी रोज तीच नावं सुवाच्य अक्षरात लिहायचो, बाकीच्यांची एका लाल वहीत, पेन्सिलनं. इन्स्पेक्टर यायचा त्या दिवशी पंधरा बायांना सुट्टी असे, बिनपगारी. तो कधी येणार हे आम्हाला आदल्या दिवशीच कळायचं.

एकदा हप्त्याच्या दिवशी त्यांच्यातली एक टेबलाशी आली. बोटानं मस्टरच्या ओळी मोजल्या, पुन्हा मोजल्या. तिला वाचता येत होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

‘‘बाबूजी, माहं नाव कुठी हाय जी?’’

नवशिक्यानं अशा वेळी गडबडून जाऊ नये. मस्टर मिटावं, पेनाला टोपण लावावं आणि मान वर न करता म्हणावं, ‘‘उद्या लिहितो.’’ तीन हंगाम मी हेच म्हणत होतो.