रंगमंदिरी जाणाऱ्यांसाठी काही आवश्यक सूचना

कलबुर्गीला किंवा बिदरला चित्रांचे प्रदर्शन वा चित्रपट महोत्सव बघायला जायचे, तर पहिली तयारी पत्रिका वाचण्याची. ती खालून वर वाचावी. वरून सुरुवात केली तर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे आणि सन्माननीय उपस्थिती ओलांडता ओलांडता दम लागतो. चित्रकार खाली असतो, छापखान्याच्या नावाच्या किंचित वर. छापलेली वेळ खुर्च्या मांडणाऱ्यांसाठी असते, प्रेक्षकांनी ती मनावर घेऊ नये.

घरून चुरमुऱ्यांचा सुसला किंवा उप्पीट पोटभर खाऊन निघावे. उद्घाटनात आधी नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचे राज्यगीत होते, तेव्हा ताठ उभे राहावे. नंतर दीपप्रज्वलन, किंवा हल्लीच्या चालीप्रमाणे कुंडीतल्या रोपाला पाणी. रोपाला पाणी घालायला सात हात पुढे येतात, त्यामुळे ते जगेल की कुजेल याची काळजी करू नये. त्यानंतर सत्कार. या भागात सगळ्यांत जोमाने वाढलेली कला हीच. शाल, हार, फळांची परडी आणि चौकटीतले काहीतरी, असा तिचा साज. नवख्याने पहिल्या दोन रांगांत रेंगाळू नये, चुकून सत्कार होण्याचा धोका असतो. तसा तो झालाच तर नाकारू नये, यादी बिघडते.

भाषेचे वेळापत्रक ठरलेले आहे. स्वागत कन्नडमध्ये, विनोद दख्खनीत, टाळ्या घ्यायला उर्दू शेर, आभार पुन्हा कन्नडमध्ये. मराठी ऐकू येते ती चहाच्या रांगेत आणि चपला शोधताना. यात कोणी कोणाचा अपमान करत नसतो, ही सरमिसळ जुनीच आहे. 1956 पर्यंत भालकी, हुमनाबाद, उदगीर, निलंगा, अहमदपूर सगळे हैदराबाद राज्यातल्या एकाच बिदर जिल्ह्यात होते. मग राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आलो. तेव्हापासून इथल्या माणसाला सरकारी काम निघाले की बेंगळूर आठवते, मोठा दवाखाना म्हटले की हैदराबाद आणि मराठी नाटक म्हटले की उदगीर. 2022 मध्ये उदगीरला साहित्य संमेलन भरले, तेव्हा मावशीकडे मुक्काम आणि दुपारी परिसंवाद अशी सोय कितीतरी जणांना आपसूक मिळाली.

आता प्रत्यक्ष बघणे. कलबुर्गीच्या रंगमंदिरात शिरताना दारावरच्या नावाकडे बघू नये, असा प्रघात आहे. नजर गेलीच, तर ‘पंडित म्हणजे गवई का हो?’ असे शेजाऱ्याला विचारावे. शेजारी ‘असतील की’ म्हणतो. डॉ. एस. एम. पंडित गवई नव्हते. 1916 साली याच गावात जन्मलेला हा चित्रकार मुंबईला गेला आणि सिनेमावाल्यांच्या कामात शिरला. मेट्रो थिएटरात लागणाऱ्या हॉलिवूडच्या सिनेमांची शोकार्डे, बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकाची मुखपृष्ठे, ‘बरसात’सारख्या चित्रपटांची पोस्टरे त्यांच्या हातची. तिकीट काढण्याआधीच प्रेक्षक ज्यावर भुलायचा तो नटीच्या गालावरचा उजेड आमच्या कलबुर्गीच्या, तेव्हाच्या गुलबर्ग्याच्या माणसाने पाडलेला होता. त्यांचे देवही घरोघरी कॅलेंडरवर लागले. आजोबा सकाळी ज्या राधाकृष्णाला हात जोडत आणि नातू ज्या पोस्टरसमोर उभा राहून शिट्टी मारी, ते दोन्ही एकाच कुंचल्यातले असण्याची शक्यता दाट होती. ‘आमच्याकडे कला कुठे आहे हो’ हे वाक्य त्यांच्या नावाच्या रंगमंदिरात, त्यांच्याच नावाखाली उभे राहून म्हणण्याची सवय करावी. ते तिथे फार शोभते.

चित्रांभोवती प्रदक्षिणेच्या दिशेने फिरावे. प्रत्येक चित्रापासून तीन पावले मागे यावे, हात पाठीशी बांधावेत आणि ‘कॉम्पोझिशन’ असे पुटपुटावे. चित्रकार जवळ असल्यास मोठ्याने पुटपुटावे. ‘हे विकायला आहे का?’ असे विचारून किंमत ऐकावी आणि ‘बरोबर आहे’ म्हणून पुढच्या चित्राकडे वळावे.

चित्राखालच्या मजकुराविषयी एक सावधगिरी. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नतीजवळ कनगनहळ्ळीला बौद्ध स्तूपाच्या उत्खननात सम्राट अशोकाचे शिल्प मिळाले. त्यावर ब्राह्मीत ‘राजा अशोक’ एवढ्याच अर्थाचे दोन शब्द आहेत. कोणाच्या हस्ते नाही, कोणाच्या सौजन्याने नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या कारागिराला दोन शब्दांत आटोपता येत होते, ही गोष्ट आजच्या आयोजकांसमोर काढू नये.

बिदरी कामाचा कक्ष असेल तर तिथे जास्त वेळ द्यावा, पंखा बहुधा तिथेच असतो. कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार ठोकत बसलेला असतो. त्याला ‘चांदी खरी का?’ असे विचारणे सक्तीचे आहे. शेवटी तो किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात कालवून भांड्याला चोळतो, धातू काळा पडतो आणि चांदी तशीच पांढरी उठते. नेमक्या या क्षणी प्रेक्षक मोबाइलमध्ये स्वतःचा चेहरा बघत असतो. माती योग्य आहे की नाही हे जुने कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात. समीक्षकांनाही ही रीत लावावी असे मला फार दिवसांपासून वाटते, पण ते पुस्तकाला जीभ लावतील की नाही याची खात्री नाही.

ज्यांना शाल, भाषण आणि चहा यांच्याशिवाय चित्रे बघणे झेपते अशा प्रगत विद्यार्थ्यांनी बिदरजवळ अष्टूरला जावे. बहमनी सुलतान अहमदशहा वलीच्या घुमटात भिंतींवर आणि छतावर रंगांत आणि सोन्यात लिहिलेली अक्षरे आहेत. डोळ्यांना अंधार सरावायला थोडा वेळ लागतो. बहुतेक मंडळी तेवढ्यात बाहेर येऊन ‘आत काही दिसत नाही’ असे सांगतात. या सुलतानाच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळचे लिंगायत जंगम मानाने येतात, शंख वाजतो. इतकी वर्षे चाललेल्या या सोहळ्यात प्रमुख पाहुणा कोण, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

चित्रपटाच्या दिवशी खुर्ची कुठे धरायची हे महत्त्वाचे. पडद्यावर संवाद बंगालीत आणि खाली इंग्रजी अक्षरे असतील, तर एखाद्या आजीच्या पुढच्या रांगेत बसावे. तिचा नातू तिला सगळे कानात, म्हणजे चार रांगांना ऐकू जाईल असे, सांगत असतो. मूळ पटकथेत नसलेले बारकावे त्यातून कळतात. मराठी सिनेमा असेल तर मात्र दुभाष्या नको. ‘सैराट’मधली जोडी हैदराबादेत पोहोचली तेव्हा आमच्याकडचे प्रेक्षक बसस्टँडच्या आठवणी काढत होते. पुढच्याच वर्षी त्यातली नायिका रिंकू राजगुरू तीच कथा कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ म्हणून घेऊन आली आणि सीमाभागाने तीही बघितली, दुसऱ्या राज्यात तरी ती दोघे वाचतील या आशेने.

चित्रपटानंतर चर्चा असते. प्रश्न विचारणाऱ्याने आधी स्वतःचा परिचय, मग स्वतःच्या प्रकाशित पुस्तकांची नावे आणि शेवटी ‘हा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे’ असा क्रम ठेवावा. दिग्दर्शक आलेला नसल्यास निरीक्षण लांबवायला हरकत नाही. अभिप्रायाच्या वहीत ‘स्तुत्य उपक्रम’ असे लिहून खाली मोबाइल नंबर द्यावा, म्हणजे पुढच्या पत्रिकेत नाव लागते. लांबून आलेल्या आळंद-भालकीकडच्यांनी मात्र वही आधी उरकून चर्चा अर्ध्यात सोडावी. निरीक्षण उद्याही करता येते, शेवटची बस त्यासाठी थांबत नाही.