लाल गाडीचं अस्तर

गाडीच्या आत लावायच्या कातड्याचे नमुने वहीसारखे शिवलेले असतात. एकेक पान आगपेटीएवढं, आणि एकट्या काळ्या रंगाच्याच इतक्या छटा की अमावास्येलाही न्यूनगंड यावा. एकीचं नाव मध्यरात्र, दुसरीचं ज्वालामुखी, तिसरी नुसतीच काळी आणि तीच सगळ्यांत महाग. अशी एक वही आमच्या वाशीत आली ती माझ्या भाच्यापायी. तो चाकणला नोकरीला असतो. मोटारींच्या मुलखात राहून माणसाला जो आजार जडतो तो त्यालाही जडला, आणि त्यानं तीन मालकांचं करून झालेली, दोन दारांची, लालभडक स्पोर्ट्स कार घेतली. बाहेरून ती अजून तरणीताठी. आत मात्र वय लपत नव्हतं: सीटचं कातडं भेगाळलेलं, छताचं कापड पोट सुटल्यासारखं खाली आलेलं, दारांच्या आतल्या पट्ट्या निखळायला टेकलेल्या. हे सगळं नव्यानं करायचं, पण कशात करायचं? असल्या प्रश्नांसाठी माणसं गावी येतात. गावी उत्तर मिळत नाही, पण घाईही नसते.

गाव म्हणजे धाराशिव जिल्ह्यातली वाशी, तालुक्याची. हे दर वेळी सांगावं लागतं. आमच्या माणसाचं निम्मं आयुष्य ‘नवी मुंबईतली नव्हे’ एवढं म्हणण्यात जातं. नमुन्यांची वहीदेखील आधी त्या दुसऱ्या वाशीची खाडी बघून आली आणि मग परतफेरीत बालाघाटाच्या माळावर पोचली. अक्कानं, म्हणजे भाच्याच्या आईनं, ती उघडली आणि पहिल्यांदा प्रत्येक पानाची उलटी बाजू पाहिली. कापडाची उलटी बाजू पाहिल्याशिवाय अक्कानं आयुष्यात काही विकत घेतलेलं नाही. लुगडं असो, सतरंजी असो, नाहीतर सून असो, सुलट बाजू दुकानदार दाखवतोच, असं तिचं म्हणणं.

भाचा समजावू लागला. सगळ्यांत उंची कातडं म्हणे थंड देशांतल्या बैलांचं. उंचावरच्या कुरणात वाढलेले बैल, जिथं काटेरी तारेचं कुंपण नाही, डास नाहीत, गोमाशा नाहीत. त्यामुळे कातड्यावर ओरखडा नाही की चाव्याचा डाग नाही. गाय नको, कारण गाभणपणात तिचं कातडं ताणतं आणि त्याच्या रेघा राहतात. तो हे एखाद्या घराण्याची गायकी सांगावी तसं रंगून सांगत होता. अक्का एवढंच म्हणाली, “बैलाचं?” आणि तिनं ते पान हळूच मिटलं.

त्या एका शब्दात काय काय होतं ते भाच्याला कळणं अवघड, त्याच्या जन्माआधी दावण रिकामी झाली होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. जू वाहून कठीण झालेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचं, आणि कानाशी जाऊन उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आमच्या सर्जाच्या खांद्यावर जुवानं केलेला घट्टा होता, पाठीवर बाभळीनं ओढलेल्या रेघा होत्या, मांडीवर जुना डाग होता. थंड देशातल्या तपासनिसानं त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. शिंगं रंगवण्याचं काम दाजींचं. बाकी धुणं, पुसणं, पुरणपोळी चारणं हे सगळं अक्काकडे. पुरणपोळी खाऊन झाल्यावर तो तिच्या पदराला तोंड पुसायचा, आणि ती रागवायची, पण पदर काढून घ्यायची नाही.

बैल मागे पडला तशी शेळी आली, अक्षरशः. आमच्या भागातली उस्मानाबादी शेळी काळीभोर, लांब कानांची आणि उंच जागेची भुकेली. जिल्ह्याचं नाव 2023 साली धाराशिव झालं, शेळी अजून जुन्याच नावानं ओळखली जाते. तिला कुणी विचारलेलं नाही. शेजारच्यांची अशी एक शेळी लाल गाडीच्या बॉनेटवर चढून उभी राहिली आणि ज्वालामुखी छटेपेक्षा कितीतरी अस्सल काळा रंग फुकटात दाखवू लागली. भाचा ओरडत धावला. मी म्हटलं, स्थानिक मालाचा विचार कर की. त्यावर त्यानं गंभीरपणे सांगितलं की शेळीचं कातडं पातळ आणि लहान. जोड्यांना, हातमोज्यांना छान, सीटला टिकायचं नाही. शेळीला हे ऐकू गेलं असावं. ती समाधानानं खाली उतरली.

मग अर्थातच कुणीतरी रेक्झिन म्हणालं. भाच्याच्या चेहऱ्यावर कुलीन घरात भलत्याच पाहुण्याचं नाव निघाल्यासारखा भाव आला. मला मात्र रेक्झिनबद्दल माया आहे. एसटीच्या सीटला कोपऱ्यात एक फाट असायची आणि तिच्यातून स्पंज डोकवायचा. वाशी फाट्यापासून सोलापूरपर्यंत तो चिमटीनं खुडत जाण्यात माझं बालपण गेलं. माझ्या आधीच्या उतारूनं जिथं सोडलं तिथून मी सुरू करायचो. या रेक्झिनची मूळ विलायती कृती वाचली तेव्हा तर ते जवळच्या नात्यातलंच वाटू लागलं. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोज, कापराचं तेल, अल्कोहोल आणि रंग यांचा लेप द्यायचा, आणि वरून कातड्यासारख्या सुरकुत्या दाबून उठवायच्या. नायट्रोसेल्युलोज म्हणजे स्फोटकांच्या घरातला पदार्थ. इथून जवळच तेरखेड्याला फटाके तयार होतात, आणि कापूर येरमाळ्याच्या येडेश्वरीपुढं रोज जळतो. आरती आणि आतषबाजी एकत्र कालवून त्यावर बूड टेकायचं, ही कल्पना ज्याला सुचली तो माणूस आमच्याच तालुक्याचा असायला हवा होता. आताचं रेक्झिन बिचारं साध्या प्लॅस्टिकच्या लेपाचं असतं.

कातड्याशिवाय गाडीला ऐट नाही असंही नाही. 1976 साली फोक्सवॅगननं गोल्फ जीटीआय काढली तेव्हा गुनहिल्ड लिलयेक्विस्ट या बाईंनी तिच्या सीटना चौकड्यांचं कापड दिलं आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू बसवला. ते चौकडे पुढं इतके गाजले की आजही त्या गाडीची ओळख सांगतात. आमच्या बाजारात तसल्या चौकड्यांच्या लुंग्या ढिगानं मिळतात, पण त्या नेसून कुणी ताशी दीडशेनं गेल्याचं ऐकिवात नाही.

खरी गोष्ट अशी की आमच्याकडे सीट कशाची आहे याला फारसा अर्थच नसतो, कारण त्या सीटवर कुणी बसत नाही. दाजींनी जीप घेतली तेव्हा शोरूममधलं प्लॅस्टिक तसंच ठेवलं. ते फाटलं तेव्हा वरून रेक्झिनचं कव्हर चढलं. कव्हर खराब होऊ नये म्हणून त्यावर सोलापुरी चादर आली, आणि चादरीवर, पुढच्या सीटपुरता, पांढरा सोलापुरी टॉवेल. तहसीलदारांच्या खुर्चीवर असतो तसा. त्या टॉवेलवरही दाजी बेतानं बसायचे. पुढं जीप विकली. घेणाऱ्यानं अंगणातच एकेक थर उतरवला आणि तळाशी निळसर कापडाची कोरी करकरीत सीट निघाली, वर एक सुरकुती नाही. दाजी बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “एवढं चांगलं होतं व्हय?”

भाच्याला हा किस्सा तोंडपाठ आहे, म्हणूनच तो टॉवेलाला ठार विरोधी. त्याचं दैवत वेगळं. 1987 साली फेरारीनं एफ 40 नावाची गाडी काढली, वजन कमी राखायच्या ध्यासानं आतलं जवळजवळ सगळं काढून टाकलेली. गालिचा नाही, रेडिओ नाही, आणि दार उघडायला हँडलच्या जागी नुसती दोरी. हे ऐकून मला भरून आलं. आमच्या भागातल्या प्रवासी जीपांची दारं किती वर्षं सुतळीवर चालली, आणि आम्ही त्याला गरिबी समजत होतो! शंकरपटाचा छकडा तर त्याहून पुढचा. त्याला तळ म्हणावा असा तळ नाही, बैठक म्हणावी अशी बैठक नाही. दोन चाकं, दांडी आणि हाकणाऱ्याचा जीव. शर्यती 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं थांबवल्या, 2021 च्या डिसेंबरात अटींवर पुन्हा सुरू झाल्या, 2023 मध्ये घटनापीठानं त्यांच्या कायद्याला मान्यता दिली. एवढ्या वर्षांच्या वादात छकड्याला गादी बसवा अशी मागणी मात्र कुणी केली नाही.

शेवटी निवड झाली ती अल्कँटाराची. 1970 साली जपानमधल्या तोरे कंपनीच्या मियोशी ओकामोतो यांनी केसाहून कितीतरी बारीक पॉलिएस्टर तंतूंपासून हे कापड घडवलं, आणि पुढं ते इटलीत तयार होऊ लागलं. दिसायला साबराच्या कातड्यासारखं मऊ. हलकं, उन्हात चमकून डोळ्यांवर न येणारं, वळणावर माणसाला घसरू न देणारं. अक्कानं उलटी बाजू पाहिली, नाकाशी धरलं आणि विचारलं, “जनावर नाही ना ह्यात?” नाही म्हटल्यावर मंजुरी मिळाली. काळं मात्र नको, चैत्रात बसवणार नाही, हे तिनं बजावलं. पांढरं येडेश्वरीच्या जत्रेतच कुंकवाचं होईल. राखाडी ठरलं.

काम पुण्याच्या एका कुशनवाल्याकडे झालं. तिथं मी अर्धा दिवस काढला. जुनी सीट तो कापत नाही, उसवतो. एकेक तुकडा नव्या कापडावर पसरून खडूनं कडा आखतो, म्हणजे नव्या सीटला जुन्या सीटची अंगलट मिळते. बाजूला एअरबॅग असेल तर तिथली एक शिवण मुद्दाम बेताची ठेवावी लागते, त्यासाठी दोराही वेगळा. धडक बसताच ती उसवली पाहिजे. हे मी गावी सांगितलं तेव्हा अक्का म्हणाली, “शिवण कच्ची आन पैसे पुरे?”

गाडी वाशीला परत आली तेव्हा अक्काला मानानं आत बसवलं. ती गाडी इतकी बुटकी की बसणं म्हणजे पायऱ्या नसलेल्या बारवेत उतरणं. “मला नुसत्या लोकांच्या चपला दिसायल्यात,” आतून आवाज आला. बाहेर काढायला दोघं लागले. उठल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. राखाडी लवेवर तिच्या हाताचा पंजा स्पष्ट उमटला होता. गल्लीतल्या पोरांना हा शोध तिच्याही आधी लागला होता. मागच्या सीटवर एकानं बोटानं बदक काढलं होतं आणि दुसऱ्यानं शेजारी आपलं नाव.

भाच्याची पुरती घालमेल झाली. या कापडासाठी एक मऊ ब्रश मिळतो, लव एका दिशेला बसवायला. त्यानं तो काढला, तर अक्कानं हातातून घेतला आणि दारापाशी पाट टाकून बसली. वरून खाली, वरून खाली, लांब सावकाश हात. बदक गेलं, नाव गेलं.

“आई, उलटं नको हं फिरवू,” भाचा म्हणाला. “जरा बेतानं.”

“मला शिकवायलास का?” हात न थांबवता ती म्हणाली. “सर्जाला खरारा कोण करत होतं, तुजा बाप?”