ताठ बस!

आमच्या घरात रोज संध्याकाळी एकच आरोळी उठते, "ताठ बस!" आरोळी मी मारतो. सोफ्यात कमरेपर्यंत रुतून, मान मोबाइलात खुपसून. ऐकणारी कन्या सातवीत आहे आणि अभ्यासाला शिजलेल्या कोळंबीसारखी बसते.

परवा कुणीतरी व्हॉट्सॲपवर वाकड्या कण्याचं चित्र धाडलं आणि माझी झोप उडाली. आधी दप्तर काट्यावर टाकलं. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नये, असं आपल्या सरकारनं २०१५ सालीच बजावलंय. कन्या ३४ किलो, दप्तर साडेपाच! दहा टक्क्यांचा हिशेब आपल्याकडे इतरत्र किती चोख पाळतात, इथंच नेमकी ढिलाई. "दप्तर हलकं होत नसेल तर पोरीला पंचावन्न किलोची करा," सौभाग्यवतींनी तोडगा काढला.

मग हाडांच्या डॉक्टरीणबाई. दप्तर, मोबाइल, आजीची कापसाची गादी असं सगळं आरोपपत्र मी वाचून दाखवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "दप्तरानं पाठ दुखेल. पण कणा एका कुशीला वळतो तो स्कोलिओसिस, आणि त्याचं कारण बहुतेकदा सापडतच नाही. १० अंशांच्या आत असेल तर आम्ही त्याला ते नावही देत नाही." मी हिरमुसलो. ज्याचं खापर फोडायला कुणी नाही असा आजार मध्यमवर्गाला परवडत नाही हो. वर त्यांनी हेही सांगितलं, की निरोगी कणासुद्धा बाजूनं पाहिला तर सरळ नसतोच. मानेत आत, पाठीत बाहेर, कमरेत पुन्हा आत. शोकसभांत 'ताठ कण्याचा माणूस गेला' म्हणणाऱ्या वक्त्यांना हे कुणीतरी कळवायला हवं.

तपासणी अगदी साधी निघाली. गुडघे न वाकवता ओणवं व्हायचं आणि एका बाजूच्या बरगड्या वर येतात का, ते मागून पाहायचं. पोर ओणवी झाली. दोन्ही बाजू सारख्या.

मग बाईंची नजर माझ्या मानेवर गेली. डोकं साधारण पाच किलोचं. पण मान ६० अंश खाली घातली की मणक्यांवर २७ किलोंचा भार येतो, असा हिशेब न्यूयॉर्कच्या डॉ. केनेथ हंसराज यांनी २०१४ साली मांडलाय. माझं वजन ७२. दप्तराचा नियम लावला तर माझं डोकंच बेकायदा! "आणि तेही रिकामं असताना," सौभाग्यवती.

मथुरेच्या कुब्जेला कृष्णानं पावलांवर पाय दाबून, हनुवटीला दोन बोटं लावून एका झटक्यात सरळ केलं. मला फिजिओथेरपीची दहा सिटिंग लिहून मिळाली. पैसे आगाऊ.

घरी आल्यावर कन्येनं मला भिंतीपाशी उभं केलं.

"बाबा, आता तू ओणवा हो."

मी झालो.

"हो ना, बाबा!"

"अगं, झालोय."