उलटे आटे

आमच्या दाजींकडे जीप आहे असं म्हणणं धाडसाचं ठरेल. जीपचे भाग आहेत. काही अंगणात, काही माळ्यावर, आणि एक गिअर देव्हाऱ्याच्या पाटाला टेकू म्हणून.

मूळची गाडी कमांडर, कोल्हापूरच्या बाजूला वडापला पळून पळून म्हातारी झालेली. ओढ फक्त मागच्या चाकांना. पावसाळ्यात उसाच्या फडाकडे जाणाऱ्या पाणंदीत शिरली की चिखलात जागच्या जागी चाकं फिरवत बसायची. दाजींचा ट्रॅक्टर त्याच पाणंदीतून रोज निमूट जातो-येतो. पण ट्रॅक्टर चिखलातून गेला यात माणसाची कर्तबगारी ती काय? म्हणून दाजींनी भंगारातून फोर-व्हीलचा पुढचा अ‍ॅक्सल उचलला, आणि नव्या सुनेमागून रुखवत यावा तशी त्याच्यामागून कामं घरात आली.

अ‍ॅक्सलच्या गोळ्याला जागा पाहिजे म्हणून पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेतले. गाडी उंच झाली. स्टिअरिंगचा डबा चेसीवर, तो तिच्याबरोबर वर गेला. चाकं राहिली जमिनीवर. दोघांना जोडणारा ड्रॅग लिंक घसरगुंडीसारखा तिरका झाला. खड्डा आला की अ‍ॅक्सल वर उसळतो, तिरका लिंक चाकाला ढुशी देतो, आणि तुम्ही स्टिअरिंग सरळ धरून बसलेले असताना गाडी उसात. जाणकार याला बम्प स्टिअर म्हणतात. ताई म्हणते, अंगात आलंय.

उपाय एकच, डब्यातून निघणारा पिटमन आर्म जास्त खाली उतरलेला करायचा, म्हणजे लिंक आडवा होतो. गल्लीतला वेल्डर म्हणाला, आहे तोच कापून तुकडा जोडून देतो, दहा मिनिटांचं काम. दाजी असे उठले की चहाचा कप सांडला.

"पाव्हणं, स्टिअरिंगला वेल्डिंग न्हाई. टाका तुटला तर हात जोडायलाबी येळ मिळत न्हाई."

ज्या माणसाच्या घरातली खुर्ची तीन वर्षं सुतळीनं बांधलेली आहे, त्याचं हे तत्त्व. पण इथं मी त्यांना मानतो. घडाईच्या पोलादाला असा टाका मारला की टाक्याशेजारचं लोखंड ठिसूळ होतं, आणि चीर तिथूनच धावते. दाजींनी ईएन-८ची सळी आणली आणि अखंड धातूतून आर्म काढायचं ठरवलं.

त्याआधी नमुना लागतो, पुठ्ठ्याचा. टेबलावर ताईच्या चुलतभावाच्या मुलीची लग्नपत्रिका होती. पुठ्ठा चांगला जाड, सोनेरी कडेचा. तासाभरात पत्रिकेचा पिटमन आर्म झाला. 'आमचे येथे श्रीकृपेंकरून' मधोमध शाबूत होतं. मुहूर्ताच्या जागी बॉल जॉइंटचं भोक पडलं होतं, आणि हॉलचं नाव कातरणाबरोबर केरात गेलं होतं. लग्नाला आम्ही अंदाजानं एका हॉलवर गेलो, जेवलो, आहेर दिला. नवरी वेगळी आहे हे ताईच्या लक्षात आलं तेव्हा दाजी दुसऱ्यांदा मठ्ठा घेत होते.

मग टाय रॉड. पुढच्या दोन चाकांना जोडणारा हा दांडा. त्याच्या एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे. म्हणजे मधला पाईप फिरवला की दोन्ही टोकं एकदम आत येतात किंवा एकदम बाहेर जातात, आणि चाकांची तोंडं जुळवता येतात. उद्यमनगरातल्या लेथवाल्यानं दोन्हीकडे सुलटेच पाडून दिले. दाजी गाडीखाली आडवे होऊन दोन तास पाईपपाना फिरवत होते. मी बाहेर टेप धरून बसलो होतो. माप हलेना. एकीकडून जेवढा आत, तेवढाच दुसरीकडून बाहेर. आमच्या हाउसिंग सोसायटीच्या हिशेबासारखं.

लेथवाला म्हणाला, "उलटं पायजे असं तुम्ही सांगिटलं कुटं?"

दाजी मला म्हणाले, "उलटं करायला सांगावं लागतंय, असला माणूस मी पैल्यांदा बघितला."

त्यानंतर तीन दिवस ते लेथशेजारी स्टूल टाकून बसले. चहा दाजींचा, बिडी लेथवाल्याची. मला वाटतं, उभ्या संसारात ते इतके सुखात मी कधी पाहिले नाहीत.

आरटीओचं भय त्यांना कुणी घालायला जाऊ नये. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांना आरतीसारखं पाठ आहे. २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही म्हटलं, तेही ते स्वतःच सांगतात. म्हणून जीप डांबरी रस्त्याला लागत नाही. घरामागून पाणंद, पाणंदीतून फड, फडातून घर. एवढ्यासाठी चार वर्षं.

यंदा पहिल्या पावसात चाचणी झाली. सुतळी ताणून चाकं जुळवली, कॅस्टरसाठी पाट्याखाली पाचर मारली, आणि निघालो. ट्रॅक्टर मागून येत होता, ताईच्या आग्रहानं. जीप चिखलातून चढली. खड्डे आले, गेले. दाजींनी क्षणभर स्टिअरिंगवरून हात उचलले, गाडी सरळ. मी टाळ्या वाजवल्या.

दाजींचं तोंड उतरलं. बांधावर थांबून त्यांनी बराच वेळ चाकांकडे पाहिलं. "आता काय करायचं, पाव्हणं?" मागून ताईचा आवाज आला, "मी जातो घरी, ट्रॅक्टरनं."

परवा एक लग्नपत्रिका आली. ताईनं हॉल, तारीख, मुहूर्त आधी कॅलेंडरवर उतरवून घेतला आणि मगच ती दाजींच्या हातात दिली. दाजींनी वाचली नाही. अंगठ्यानं तिची जाडी तेवढी बघितली.