थांबली की तापते

आमची गाडी चालत असली की शांत असायची आणि उभी राहिली की तिचं डोकं तापायचं. नुकत्याच निवृत्त झालेल्या गृहस्थांचं होतं, अगदी तसं. एक्स्प्रेसवेने लोणावळ्याला जाऊन या, तापमानाचा काटा मधोमध ध्यान लावून बसलेला. तीच गाडी दांडेकर पुलाच्या सिग्नलला थांबली रे थांबली, की काटा लाल रेघेकडे निघालाच. आता पुण्यात गाडी चालते कमी आणि उभी जास्त राहते, त्यामुळे हे दुखणं अंगावर काढण्यासारखं नव्हतं.

बातमी फुटताच वैद्य जमले. सोसायटीतले काका म्हणाले, "हेड गॅसकेट. लिहून घे." मेहुण्यांनी फोनवरूनच वॉटर पंपावर शिक्कामोर्तब केलं. ऑफिसातल्या एकाच्या मते कुलंट ही निव्वळ लूट. त्याच्या वडिलांच्या गाडीने जन्मभर नळाचं पाणी प्यायलं होतं. (त्या रेडिएटरमध्ये किती क्षार साठले होते, ते वडिलांनी मुलाला सांगितलं नसावं.) एका गॅरेजवाल्याने तर थर्मोस्टॅटच काढून फेकायला सांगितला. "साहेब, ते थंडीच्या देशातलं खूळ. आपल्याकडं काय कामाचं?" थर्मोस्टॅट म्हणजे पाणी साधारण ८०-९० अंशांपर्यंत तापेस्तोवर रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप. ती काढली की इंजिन धड तापत नाही आणि पेट्रोल मात्र जास्त पितं. पण हा सल्ला आपल्याकडे इतक्या गॅरेजांत मिळतो, की तो बहुधा पाना-पकडीबरोबर फुकट येत असावा.

तोवर सिग्नल काढायचे कसे? त्यावर एक खात्रीचा तोडगा आहे: हीटर लावायचा. चेष्टा नव्हे. डॅशबोर्डच्या मागे हीटरचा एक छोटा रेडिएटर असतो आणि त्यातून इंजिनाचंच गरम पाणी फिरतं. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात ठेवला, की इंजिनाची उष्णता आतल्या माणसांवर येते आणि काटा उतरतो. शास्त्र चोख आहे. फक्त मे महिन्यातल्या भर दुपारी, मागच्या सीटवर सासूबाई बसलेल्या असताना ते पटवणं जड जातं.

"जावईबापू, एसीतून गरम वारा येतोय हो."

"मुद्दामच सोडलाय," मी म्हणालो.

बायको खिडकीबाहेर बघत नुसतं "अहो" म्हणाली. त्या अहोचं तापमान काट्यावर मावलं नसतं.

पुढे एकदा काटा हीटरलाही जुमानेना. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं. उघड्या बॉनेटभोवती माणसं जमायला वेळ लागत नाही. त्यातला एक पाण्याची बाटली घेऊन थेट रेडिएटरच्या झाकणालाच हात घालायला निघाला. मी त्याचं मनगट धरलं. ते झाकण आत दाब कोंडून ठेवतं, म्हणूनच शंभराच्या वर जाऊनही आतलं पाणी उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवलं, की दाब सुटतो आणि सगळं उसळून फिरवणाऱ्याच्या तोंडावर येतं. पुण्यात तर उघड्यावरचं पाणी शंभराची वाटही बघत नाही. उंचीमुळे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. शहराचा गुण पाण्यालाही लागायचाच. गृहस्थ रागावून बाटली घेऊन गेले.

शेवटी मार्केट यार्डाकडच्या एका वयस्क मिस्त्रींना गाडी दाखवली. बॉनेटला हात लावायच्या आधी त्यांनी विचारलं, "चालताना तापते का उभी असताना?"

हा प्रश्न आजवर एकानेही विचारला नव्हता. सगळ्यांची उत्तरं तयार होती ना!

"उभी असताना."

"सिग्नलला एसीपण गार करत नसेल."

"नाही करत. तुम्हाला कसं कळलं?"

"मग इंजिनाला कशाला बदनाम करता? वारा बघा की."

गाडी पळते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर गार करतो. एसीचा कंडेन्सरही रेडिएटरच्या पुढ्यातच, त्यामुळे त्यालाही तोच वारा. उभ्या गाडीला वारा कोण घालणार? फॅन. मिस्त्रींनी एसी लावायला सांगितला. एसीबरोबर फॅन फिरायलाच हवा. फॅन ढिम्म. मग त्याचं सॉकेट सोडवून बॅटरीवरून थेट वायर दिली, तर भर्रकन फिरला. म्हणजे मोटर शाबूत. फ्यूजही ठीक. उरला रिले, काळा चिमुकला ठोकळा. मिस्त्रींनी शेजारचा हॉर्नचा रिले उपटून फॅनच्या जागी बसवला. आमच्या गाडीत दोन्ही एकाच जातीचे निघाले. एसी लावताच फॅन घोंगावू लागला. इंजिन चालू ठेवून आम्ही चहा प्यालो, वर दुसरा मागवला, तरी काटा मधोमध.

"पॉइंट जळालेत ह्याचे," जुना रिले उघडून ते म्हणाले. "नवा उद्या आणतो."

"हॉर्नचा बरा टिकला!"

"पुण्याचा हॉर्न आहे साहेब. त्याला कामाची सवय असते."

"मग आज हॉर्न?"

"आज फॅन," ते म्हणाले.

तसाच निघालो. दांडेकर पुलाला सिग्नल हिरवा झाला, पुढचा मोबाइलमध्ये बुडालेला. मी सवयीने हॉर्न दाबला, शांतता. शेवटी खिडकीतून मान काढून म्हणालो, "अहो, निघायचं ना?" रस्त्यावर कुणीतरी आपल्याशी तोंडाने बोलतंय, याने तो इतका दचकला की त्याची गाडीच बंद पडली.